घरच्या घरी गाणं शिकताय? आधी पट्टी ठरवा, गाणं सगळ्यात शेवटी

घरी गाणं शिकायला बहुतेक जण सुरुवात करतात ती अशी: कराओकेचं अ‍ॅप टाकायचं, आवडतं गाणं शोधायचं आणि मूळ गायक ज्या पट्टीत (म्हणजे आवाजाच्या ज्या उंचीवर) गायलाय त्याच पट्टीत धाडकन सुरू व्हायचं. मुखडा कसाबसा निघतो, अंतऱ्याला आवाज फाटतो, दोन-चार दिवस घसा दुखतो आणि मग "आपला आवाजच नाही गाण्याचा" म्हणून विषय संपतो. यात आवाजाचा फारसा दोष नसतो हो, क्रम उलटा असतो. शेवटच्या टप्प्यावरचं काम आपण पहिल्याच दिवशी करायला जातो.

खाली दिलाय तो क्रम आपल्या हिंदुस्थानी पद्धतीचा आहे, तानपुरा लावायचा, सा (आपला आधाराचा स्वर) धरायचा वगैरे. तुम्हाला ख्याल (रागदारी गाणं) नको असेल, नुसती भावगीतं, अभंग, जुनी हिंदी गाणी म्हणायची असतील तरी हाच क्रम धरा, कारण समोर गुरू नसताना आपण सुरात आहोत की नाही हे सांगणारं तानपुऱ्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही, आणि मोबाइलमध्ये तो आता फुकट आहे.

तयारी: काय लागतं आणि काय विकत घ्यायचं नाही

लागतं ते इतकंच: मोबाइल, तानपुऱ्याचं एक अ‍ॅप (नेट बंद असताना चालणारं बघा), एक ट्यूनर अ‍ॅप (आपण कोणता स्वर लावलाय ते दाखवणारं), वायरवाला साधा इयरफोन, वही आणि पेन्सिल. तबल्याचं अ‍ॅप पुढे लागेल, आत्ता नको. यूट्यूबवर तानपुऱ्याचे तासतासाचे व्हिडिओ आहेत पण रियाज मस्त जमलेला असताना मधेच साबणाची जाहिरात लागते आणि डोक्यातला सा गेलाच म्हणून समजा. शिवाय तिथे पट्टी बारीक बारीक वर-खाली करून बघता येत नाही, जे पहिल्या टप्प्यात सारखं करावं लागतं.

मोबाइलच्या स्पीकरवर तानपुऱ्याची खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) तार जवळपास ऐकूच येत नाही, नुसती वरची झणझण येते. म्हणून इयरफोन, पण एकाच कानात. दुसरा कान उघडा ठेवायचा, त्याने स्वतःचा आवाज ऐकायचा. दोन्ही कान बंद केले की माणूस नकळत ओरडायला लागतो, लोकलमध्ये इयरफोन लावून फोनवर बोलणारे आठवा.

ब्लूटूथवाले इयरफोन तानपुऱ्याला चालतील, तबल्याला आणि कराओकेला नाही. आवाज कानापर्यंत किंचित उशिरा पोचतो, तुम्ही उशिरा ऐकता, उशिरा गाता आणि रेकॉर्डिंग ऐकताना वाटतं की आपली लयच कच्ची आहे.

घ्यायचं नाही ते: पेटी, माइक, साउंड कार्ड, "गायकांसाठी" म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि गोळ्या. पेटीवरून लोक माझ्याशी भांडतात, पण माझं मत पक्कं आहे, पहिले सहा महिने पेटी नको. पैशाचा प्रश्न आहेच, पण मुख्य अडचण वेगळी आहे. बोटाने स्वर दाबला की तो आपोआप बरोबर वाजतो, आपण त्याच्या आडोशाला गात राहतो, आणि पेटी बाजूला केली की दोन ओळींत सूर कुठच्या कुठे जातो. आजोबांची जुनी पेटी माळ्यावर असेल तर काढा, पण वापर तपासणीपुरता: स्वर वाजवा, थांबा, मग गा. आणि आधी ती पेटी तानपुऱ्याच्या अ‍ॅपशी जुळतेय का ते बघा, वर्षानुवर्षं पडून असलेल्या पेट्या बऱ्याचदा उतरलेल्या असतात.

जागा शक्यतो अंथरूण-पांघरूण, कपड्यांचं कपाट असलेली खोली. तिथे आवाज घुमत नाही आणि फ्लॅटमध्ये शेजारी पण कमी जातो. बाथरूममध्ये सगळ्यांचाच आवाज छान वाटतो, तिथे मजा करा, रियाज नको. पंखा बंद करा किंवा एकवर ठेवा, त्याचा स्वतःचा एक गुंजन स्वर असतो आणि सुरुवातीला कान त्याच्याकडे ओढला जातो. मिक्सर चालू असताना तर बसूच नका.

वेळ रोज वीस ते तीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून आठवड्याचं उरकणाऱ्यांचा घसा बसतो, गाणं तिथेच राहतं. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. बसायला मांडी, खाली दुमडलेली चादर. गुडघे दुखत असतील तर पाठ टेकवायची नाही अशी खुर्ची, त्यात काही कमीपणा नाही.

टप्पा १: आपली पट्टी शोधा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो म्हणून जरा सावकाश वाचा.

पट्टी म्हणजे तुमचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर येतो ते. ट्यूनर अ‍ॅप इंग्रजी नावं दाखवतं, ती अशी लावून घ्या: सी म्हणजे पांढरी १, डी पांढरी २, ई पांढरी ३, एफ पांढरी ४, जी पांढरी ५, ए पांढरी ६, बी पांढरी ७. सी शार्प काळी १, डी शार्प काळी २, एफ शार्प काळी ३, जी शार्प काळी ४, ए शार्प काळी ५. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सारखं लागणार आहे.

१. दहा मिनिटं साधं बोला, कुणाशी तरी गप्पा मारा. उठल्या उठल्या पट्टी शोधू नका, सकाळी आवाज जड असतो आणि खोटी खालची पट्टी मिळते.

२. ट्यूनर लावून 'आ' म्हणत हळूहळू खाली खाली जा. जिथपर्यंत आवाज स्वच्छ आणि ऐकू येईल असा आहे तिथे थांबा. त्याच्या खाली कुरकुर, घरघर निघते, ती मोजायची नाही. ट्यूनर काय दाखवतोय ते लिहा.

३. हा तुमचा मंद्र प धरा, म्हणजे सा च्या खालच्या सप्तकातला प (सप्तक म्हणजे सा ते नि या सात स्वरांचा संच). इथून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत पाच घरं वर जा, तो तुमचा सा. उदाहरणार्थ खाली काळी ४ पर्यंत आवाज गेला तर सा येतो काळी १. काळी २ पर्यंत गेला तर सा काळी ४, पांढरी ४ पर्यंत गेला तर सा काळी ५.

४. अ‍ॅपमध्ये ती पट्टी लावा, पहिली तार प वर ठेवा आणि सा पासून वर तार सा (वरच्या सप्तकातला सा) पर्यंत जाऊन बघा. मान ताठ होतेय, हनुवटी वर जातेय, कपाळावर शीर दिसतेय तर पट्टी एका घराने खाली आणा. उलट खालचा प नुसती हवा वाटत असेल तर एका घराने वर.

बहुतेक पुरुषांची पट्टी काळी १ ते काळी २ च्या आसपास आणि बहुतेक बायकांची काळी ४ ते काळी ५ च्या आसपास येते. बहुतेक म्हणजे सगळ्यांची नाही. पांढरी ५ वाल्या बायका आणि पांढरी ७ वाले पुरुष भरपूर आहेत. ज्या मुलांचा आवाज फुटतोय त्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी पट्टी परत तपासायची आणि वरचे स्वर अजिबात ताणायचे नाहीत.

तपासा: ट्यूनर स्वराच्या नावापुढे एक आकडाही दाखवतो. काळी १ वाल्या पुरुषाने सा लावला की सी शार्प ३ दिसायला हवं, म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ. सी शार्प ४ दिसत असेल तर तुम्ही तार सा लाच सा समजून बसलाय आणि म्हणूनच सगळं उंच वाटतंय. काळी ४ वाल्या बाईंचा सा जी शार्प ३, साधारण २०८ हर्ट्झ. ही सप्तकाची गडबड पुरुषांची फार होते, विशेषतः बाईच्या आवाजातलं गाणं ऐकून ऐकून शिकणाऱ्यांची.

सावधान: तीन वेगवेगळ्या दिवशी, संध्याकाळी, हीच तपासणी करा आणि मग पट्टी ठरवा. एकदा ठरली की दोन महिने बदलायची नाही. "आज आवाज छान लागलाय, अर्धी पट्टी चढवू" हा मोह होतोच. उंच पट्टीत गाण्याने कुणी मोठा होत नाही, घरोघरी गणपतीत हेच चालतं, कुणीतरी उत्साहाने वरच्या पट्टीत आरती उचलतो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत अख्खं घर किंचाळत असतं.

टप्पा २: श्वास आणि तोंड

याचा उगाच फार बाऊ केला जातो. दोन गोष्टी करा, पुरे.

एक हात खालच्या बरगड्यांवर ठेवा, नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला फुलल्या पाहिजेत आणि खांदे हलता कामा नयेत. मग दातांतून 'स्स्स' असा एकसारखा सोडा, सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद, पुढे वीस-पंचवीस. मधे जोर कमी-जास्त होता कामा नये. रोज चार-पाच वेळा, संपलं. छाती फुगवून खच्चून श्वास भरू नका, जास्त हवा कोंडली की पहिलाच स्वर धक्क्याने बाहेर पडतो आणि तो चढा लागतो.

दुसरं तोंड. आपल्याला वाटतं आपण 'आ' म्हणतोय, आरशात बघितलं तर जेमतेम 'अ' इतकंच उघडलेलं असतं. दोन बोटं उभी राहतील एवढं उघडा, जबडा सैल. आणि नाकात गाताय का ते बघायचं असेल तर 'आ' लावून मधेच नाक चिमटीत धरा. आवाज बदलला तर हवा नाकातून जातेय. नाही बदलला तर ठीक.

टप्पा ३: नुसता सा, पहिले दोन आठवडे

कंटाळवाणं आहे, मान्य. पण हाच टप्पा लोक दोन दिवसांत उरकतात आणि पुढे वर्षभर कणसूर गातात.

तानपुरा लावा आणि पहिलं एक मिनिट काहीही गाऊ नका, फक्त ऐका. मग तोंड मिटून गुणगुण, मग हळूच 'आ'. आवाज बोलण्याइतकाच, मोठा नाही. एक सा आठ-दहा सेकंद, मग थांबायचं, दोन झणकार ऐकायचे, परत.

सा लागला हे कसं कळतं? स्वर थोडासा इकडे-तिकडे असेल तर तुमचा आवाज आणि तानपुरा यांच्यात एक हलकी लाट येते, वॉव-वॉव-वॉव अशी. स्वर जवळ येईल तशी ती लाट संथ होत जाते, आणि नेमका लागला की थांबते. त्या क्षणी स्वतःचा आवाज कमी ऐकू आल्यासारखा वाटतो, तो तानपुऱ्यात मिसळलेला असतो, आणि नेमकं तिथेच नवखी माणसं घाबरून आवाज वाढवतात आणि परत बाहेर पडतात. नका वाढवू. तसंच राहा.

नेहमीच्या चुका इथल्या:

खालून घसरत येणं. सा च्या आधी एक छोटंसं 'अं' लावून स्वर चढवत चढवत आणायचा. ट्यूनरचा काटा बघा, खालून वर सरकताना दिसेल. उपाय असा की आधी मनात सा ऐका, तोंड उघडा, मग आवाज सोडा.

शेवट सोडणं. श्वास संपत आला की स्वर उतरतो. दहा सेकंद जात नसतील तर सहाच गा, पण सहावा सेकंद पहिल्यासारखा असू द्या. दमसास आपोआप वाढतो, ओढून नाही.

तपासा: सा धरा, मधेच तानपुऱ्याचा आवाज पूर्ण बंद करा, पाच सेकंद गात राहा, मग परत चालू करा. जिथे होता तिथेच असाल तर पुढच्या टप्प्याला जा. तीन-चार दिवस सलग जमलं पाहिजे, एकदा जमलं म्हणजे झालं असं नाही.

खर्जाचा रियाज करायचा असेल तर याच काळात रोज पाच मिनिटं: सा, मंद्र नि, मंद्र ध, मंद्र प, एकेका स्वरावर थांबत, अगदी हलक्या आवाजात. तिथे जोर लावला की घसा खरवडतो.

टप्पा ४: बाकीचे स्वर, पण सारेगम च्या क्रमाने नाही

शाळेत सारेगमपधनी एका दमात म्हणायला शिकवतात, त्यामुळे सगळ्यांना ते पाठ असतं आणि एकही स्वर सुटा लावता येत नाही. कुणालाही विचारा, "ध लाव बघू", तो मनात सा पासून पळत पळत ध पर्यंत जाणार. म्हणून सोप्याकडून अवघडाकडे जायचं.

१. सा आणि प. प तानपुऱ्यात वाजतोच आहे, तो पकडा. सा… प… सा… प… असं, मधे थांबत.

२. तार सा (लिहिताना सां). सा, प, सां, प, सा. तार सा ला आवाज मोठा करायची गरज नाही. ज्यांचा तिथे ओरडा होतो त्यांची पट्टी बहुतेक चढी आहे, टप्पा १ परत करा.

३. ग. हा तानपुऱ्याच्या तारेवर लावलेला नसतो तरी त्यातून ऐकू येतो, खर्जाच्या तारेच्या झणकारात नीट कान दिला की वरून एक गोड गंधार उमटतो. इयरफोनमध्ये दोन-चार दिवस शोधा, सापडतो. सापडला की तोच गा.

४. रे, सा आणि ग च्या मधे. मग ध, प च्या वर.

इथपर्यंत आलात की सा रे ग प ध हे पाच स्वर हाताशी आले, आणि हेच भूप रागाचे स्वर. सा रे ग प ध सां, सां ध प ग रे सा. आठ-पंधरा दिवस इथेच घोळत राहा, याच पाच स्वरांत मनाने काहीतरी छोटं छोटं म्हणा. म आणि नि नाहीत त्यामुळे घसरायच्या दोन जागा आपोआप टळतात.

५. मग शुद्ध म. हा बऱ्याच जणांचा ग कडून वर जाताना चढा लागतो. म लावून लगेच सा वर या, अंतर कानात बसतं. शेवटी नि, तो तार सा च्या जवळचा असला तरी सा नाही, कमी पडतो किंवा थेट सां लाच जाऊन चिकटतो. कोमल स्वर आणि तीव्र म आत्ता नकोत.

सावधान, ट्यूनरबद्दल: ट्यूनर पेटीसारखे बारा समान भाग धरून मोजतो, दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट. तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार त्या मापापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, शुद्ध ध साधारण १६, शुद्ध नि साधारण १२ सेंट खाली. म्हणजे तुम्ही तानपुऱ्याशी अगदी बरोबर जुळलेला ग गायलात तरी ट्यूनर "उतरलाय" म्हणून लाल होणार. घाबरून वर ढकलू नका. सा आणि प साठी ट्यूनर बघा (प तिथे जेमतेम २ सेंटचा फरक दाखवतो), ग, ध, नि साठी कान. आणि काटा दहा-पंधरा सेंट इकडे-तिकडे थरथरला तर चालतंय, माणूस आहे.

टप्पा ५: अलंकार आणि लय

आता तबल्याचं अ‍ॅप. त्रिताल, १६ मात्रा (ठोके), लय ६० च्या आसपास म्हणजे सेकंदाला एक मात्रा. आधी हाताने टाळी-खाली देत (खाली म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता बाजूला करायचा) ठेका, म्हणजे तबल्याचे बोल, तोंडाने म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिली मात्रा सम, नववीला खाली. ठेका म्हणता येत नसेल तर अलंकार (स्वरांच्या ठरावीक साखळ्या) लयीत येणारच नाहीत.

मग एका मात्रेला एक स्वर, हे एवढेच:

सा रे ग म प ध नि सां, सां नि ध प म ग रे सा.
सासा रेरे गग मम पप धध निनि सांसां, आणि उलट.
सारेग रेगम गमप मपध पधनि धनिसां, सांनिध निधप धपम पमग मगरे गरेसा.
सारेगम रेगमप गमपध मपधनि पधनिसां, आणि उलट.
साग रेम गप मध पनि धसां, सांध निप धम पग मरे गसा.

आधी स्वरांची नावं घेऊन, मग 'आ' मध्ये. आकारात गेलं की खरी परीक्षा, कारण नावाचा आधार सुटतो आणि तीन-तीन स्वरांच्या अलंकाराला दोन स्वर एकमेकांत कालवले जातात. तसं झालं की लय ६० वरून ५० करा. त्याच लयीवर आठवडाभर स्वच्छ आलं तरच पाच-दहाने वाढवा. आणि एका दिवशी सगळे नाहीत, दोनच.

अवरोह हा आरोहापेक्षा दुप्पट वेळ मागतो. वर जाताना सगळे उत्साहात असतात, खाली येताना ध पासूनच सूर उतरायला लागतो आणि शेवटचा सा तळघरात जातो. म्हणून प्रत्येक अलंकार संपला की लगेच पुढचा नाही, शेवटच्या सा वर थांबायचं, तानपुऱ्याशी लाट येतेय का ऐकायचं. लाट आली तर तो अलंकार परत, फक्त अवरोह.

रेकॉर्डिंग: टप्पा ३ पासून रोज

मोबाइलच्या साध्या रेकॉर्डरवर, हात-दीड हात लांब ठेवून. फाइलला तारीख द्या. तानपुरा रेकॉर्डिंगमध्ये यायला हवा, नाहीतर सूर कशाशी ताडणार, त्यामुळे त्या दोन मिनिटांपुरता इयरफोन काढा आणि तानपुरा दुसऱ्या फोनवर किंवा छोट्या स्पीकरवर लावा. एकच फोन असेल तर तानपुरा त्याच्याच स्पीकरवर वाजवत रेकॉर्ड होतं बऱ्याच फोनमध्ये, करून बघा.

लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी रियाजाच्या आधी ऐका. गाताना डोक्याच्या हाडातून आपला आवाज आपल्याला जाडजूड ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये तो पातळ वाटतो, पहिले काही दिवस अगदी नको होतं. सगळ्यांचंच होतं, त्याच्यावर वेळ घालवू नका. ऐकताना एकच चूक शोधा आणि वहीत एका ओळीत लिहा: "प नंतर ध चढा", "अवरोहात सा उतरला", "श्वास म च्या मधे तुटला". त्या दिवशी फक्त तेवढीच दुरुस्त करायची. दहा चुका लिहिल्या की एकही सुधारत नाही आणि मन खट्टू होतं ते वेगळंच.

आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतक्यात पाठवू नका. मावशी "खूप छान, सुरेल" म्हणणार आणि भाऊ हसण्याची इमोजी टाकणार, दोन्हीचा उपयोग शून्य.

टप्पा ६: आता गाणं

साधारण तीन महिन्यांनी, किंवा सा-प-ग तानपुरा बंद करूनही टिकायला लागले की. पहिलं गाणं आवडीवरून निवडू नका, मापावरून निवडा. संथ लय, मुरक्या-ताना कमी, आणि सगळ्यात खालच्या स्वरापासून सगळ्यात वरच्या स्वरापर्यंतचा पसारा दीड सप्तकाच्या आत. साधे अभंग, आरत्या, भजनं यासाठी उत्तम, बहुतेक ८ मात्रांच्या भजनी ठेक्यात किंवा केरव्यात असतात आणि शब्द आधीच पाठ असतात.

क्रम असा:

१. शब्द हाताने वहीत लिहा. स्क्रीनवर बघून गाणाऱ्याचं लक्ष डोळ्यात राहतं.

२. दोन दिवस नुसतं ऐका, सोबत गाऊ नका. गायक श्वास कुठे घेतो तिथे पेन्सिलने रेघ मारा.

३. मूळ गाण्याचा सा शोधा. गाणं संपताना आवाज जिथे स्थिरावतो तो स्वर गुणगुणत ट्यूनरवर बघा, बहुतेक वेळा तोच सा निघतो. मग ती पट्टी विसरा आणि आपल्या पट्टीचा तानपुरा लावा.

४. ठेक्यावर शब्द नुसते बोला, चालीशिवाय. सम कोणत्या अक्षरावर येते ते बघून त्या अक्षराखाली फुली करा.

५. मुखड्याची पहिली ओळ स्वरांत शोधा, सा कुठे आहे, ओळ कोणत्या स्वरावर सुरू होते, कुठे टेकते. पूर्ण सरगम निघाली नाही तरी चालेल, पण पहिला आणि शेवटचा स्वर माहीत पाहिजेच. तो माहीत नसतो म्हणून लोक दर वेळी वेगळ्या जागेवरून उचलतात.

६. तानपुऱ्यावर मुखडा, मग ठेक्यासोबत. तो बसल्याशिवाय अंतऱ्याला हात नाही.

७. सगळं बसल्यावर कराओके. आता ट्रॅकची पट्टी बदला, अ‍ॅपमध्ये वर-खाली करायची सोय असते. समजा गाणं बाईच्या काळी ५ मध्ये आहे आणि तुमची काळी १, तर ट्रॅक तीन घरं वर करा आणि तुम्ही खालच्या सप्तकात गा. चार-पाच घरांपेक्षा जास्त हलवावं लागत असेल तर ट्रॅकचा आवाज चेंगरल्यासारखा होतो, दुसरा ट्रॅक शोधा.

सावधान: कराओकेत मागे वाद्यांवर चाल वाजत असते, ती पेटीसारखीच सांभाळून घेते. आठवड्यातून एकदा तरी तेच गाणं नुसत्या तानपुऱ्यावर रेकॉर्ड करा. तिथे कळतं काय खरं ते.

घसा: कधी थांबायचं

रियाजानंतर घसा दुखता कामा नये. थोडं थकल्यासारखं वाटेल, पण खवखव, टोचणं किंवा बोलताना आवाज चिरकणं म्हणजे पट्टी चढी आहे किंवा जोर जास्त आहे, त्या दिवशी बंद करा. सर्दी-खोकल्यात गाऊ नका, ऐका. सारखं खाकरून घसा साफ करायची सवय सोडा, स्वरयंत्राच्या पडद्या एकमेकींवर आपटतात, त्यापेक्षा घोटभर पाणी प्या. आवाज बसला म्हणून कुजबुजत बोलणंही आराम नाही, गप्प बसणं हा आराम.

खडीसाखर, ज्येष्ठमध, आल्याचा काढा घ्यायचा तर घ्या, बरं वाटतं. पण गिळलेलं काहीही स्वरयंत्राच्या पडद्यांवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं, तेव्हा काढा पिऊन वरचा सा लागेल ही आशा नको. दिवसभर पुरेसं पाणी याचाच खरा उपयोग. रोज सकाळी आवाज घोगरा, तोंडात आंबट पाणी येत असेल तर रात्रीचं उशिरा आणि तिखट जेवण आधी बदलून बघा. आवाज बसलेला तीन आठवड्यांच्या वर राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, घरगुती उपाय पुरे.

गुरूवर पैसे कधी खर्च करायचे

यूट्यूबवर शिकताना एकच शिक्षक धरा आणि तीन महिने सोडू नका. एकाचा आकार वेगळा, दुसऱ्याचे अलंकार वेगळे, तिसरा पहिल्याच दिवशी तीव्र म शिकवतो, आणि आपण तिन्हीकडून अर्धं अर्धं उचलतो. पुढे काय शिकायचं हे कळत नसेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि मग प्रवेशिका परीक्षेचा अभ्यासक्रम बघा. परीक्षा द्यायलाच हवी असं नाही, पण कोणत्या क्रमाने काय येतं ते आयतं कळतं. गावात किंवा सोसायटीत भजनी मंडळ असेल तर आठवड्यातून एकदा मागे बसून टाळ धरा, लय तिथे फुकटात पक्की होते.

थोडे पैसे साठले की पेटीच्या आधी ते प्रत्यक्ष गुरूच्या चार-पाच तासांवर घालवा. महिन्याला एक तास मिळाला तरी चालेल, पण तो समोरासमोर. व्हिडिओ कॉलवर तानपुरा तुटतो आणि दोघांनी एकत्र गाता येत नाही. जाताना वही, शेवटचे तीन रेकॉर्डिंग आणि तुमची पट्टी सांगा, आणि विचारायचे प्रश्न दोनच न्या: पट्टी बरोबर आहे का, आणि आवाज कुठून लागतोय. त्यांनी पट्टी अर्ध्या-एका घराने बदलायला सांगितली तर वाद घालू नका, त्यांना समोरून तुमची मान आणि जबडा दिसतोय. घरी आल्यावर अ‍ॅपमध्ये नवी पट्टी लावा आणि आठवडाभर परत टप्पा ३.